देवमाता एक दोन तीन

"मोठमोठी राज्यं दुश्मनाच्या तोफांनी पडली असं पुस्तकात लिवलेलं असतं, ते साफ खोटं हाय. दर किल्ल्याची कडी आतूनच निघाली!" फर्डिनंड नाखव्याने दुपारी अडीच वाजता हे जाहीर केलं आणि तो ताडकन उठून उभा राहिला. ज्यावर बसून त्याने हे जाहीर केलं ती बर्फाची लादी होती, आणि तोवर तिने त्याच्या पँटीतून आत प्रवेश मिळवला होता.

ऐकायला समोर कोणी नव्हतं. बर्फाच्या खोलीत दुपारी नुसता गार धूर असतो. दार उघडं असलं की तो पायांशी घुटमळतो, दार लावलं की गुडघ्यापर्यंत चढतो आणि आतला माणूस ढगात उभा असल्यासारखा दिसू लागतो. अर्नाळ्यात दुपारची डुलकी घ्यायला याहून बरी जागा नाही, आणि अलीकडे फर्डिनंडला सगळे मोठे विचार इथेच सुचत. बाहेर त्याची बायको मार्गारेट बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घालत होती. तिला आतलं सगळं ऐकू गेलं.

"आधी पँट बदला," ती म्हणाली. "राज्य मंग वाचवा."

वाचवायला राज्य नव्हतं. एक खडक होता. पन्नास वर्षांपूर्वी फर्डिनंडच्या बापाला तो सापडला. अर्नाळ्याच्या किल्ल्याबाहेर जो सुटा गोल बुरूज आहे तो आणि त्याच्यामागचा विरारचा जीवदानीचा डोंगर एका रेषेत धरायचा आणि ती रेष पाठीवर घेऊन पश्चिमेला चालत राहायचं. बुरूज पाण्यात विरघळून जातो. डोंगर आधी गाढवाएवढा होतो, मग मांजराएवढा, मग तांदळाच्या दाण्याएवढा. त्या दाण्याकडे बघताना डोळ्यांत पाणी आलं की समजायचं, खाली खडक आहे. वर काहीच दिसत नाही. पण त्याच्या कडेने जाळी सोडली की सोन्याच्या भावाचा घोळ मासा मिळतो, आणि घोळ मिळाली की नाखवा महिनाभर गावात हळू चालतो, लोकांना नीट बघता यावं म्हणून. बापाने ही रेष फर्डिनंडला भर समुद्रात, इंजिन बंद करून, कानात सांगितली होती.

आता रेषेचे आकडे झाले होते. बोटीवरच्या जीपीएस मशीनमधून ते किनाऱ्यावरच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये येत. ऑफिस म्हणजे बर्फाच्या खोलीला लागून एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर वायफायचा डबा. कॉम्प्युटरात तीन बोटींच्या फेऱ्या, खलाशांची आधार कार्डं, बर्फ घेणाऱ्या चाळीस बोटींची यादी आणि मासळी बाहेरगावी पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांचे नंबर, असं सगळं एका ठिकाणी नांदत होतं. धंदा लहान, पण होता तो सगळा त्यातच होता.

खडक माहीत असलेले तिघे: फर्डिनंड, त्याची मोठी बोट चालवणारा तांडेल रॉबर्ट, आणि कॉम्प्युटर. मार्गारेटलाही माहीत होता, पण बायकोला माहीत असलेलं फर्डिनंड मोजत नसे.

आणि तरीही या हंगामात पाच बुधवार असं झालं की 'देवमाता' पहाटेच्या धुक्यातून खडकावर पोहोचली, तेव्हा तिथे ऑगस्टीनची 'सागरतारा' आधीच जाळी टाकून बसली होती. मागे आणखी दोन बोटी. ऑगस्टीन हा गावातलाच, चर्चमध्ये फर्डिनंडच्या मागच्या बाकावरचा. तो धुक्यातून हात हलवून ओरडे, "नाखवा, चा घेतंस?" 

चोर तिघांतलाच कोणीतरी असणार. फर्डिनंड स्वतः नव्हता, हे त्याने नीट विचार करून नक्की केलं होतं. उरले रॉबर्ट आणि कॉम्प्युटर. रॉबर्ट सत्तावीस वर्षं त्याच्या बोटीवर होता. दिवसाला वीसेक शब्द बोलायचा, त्यातले निम्मे 'हं' असायचे. एका वादळात इंजिन बंद पडलं तेव्हा दोघं तेरा तास एकाच दोराला धरून बसले होते आणि त्या तेरा तासांत रॉबर्टने दोनदा 'हं' म्हटलं होतं. अशा माणसाला 'तू चोर' म्हणायचं, तर जीभ आधी कापून ठेवावी लागली असती. म्हणून फर्डिनंड रोज झोपताना गुडघे टेकून म्हणत असे, "देवा, माज्या कॉम्प्युटरात चोर शिरलेला असू दे." अशी प्रार्थना करणारा व्यापारी भूतलावर बहुधा तो एकटाच.

मग तो चोर शोधायला माणूस बघू लागला. आधी विरारहून टाय लावलेला एक जण गुळगुळीत फाईल घेऊन आला. त्याने बुरूज, तटबंदी, खंदक अशी रंगीत चित्रं दाखवली आणि शेवटच्या पानावर जो आकडा दाखवला त्यात बोटीला नवं इंजिन बसून वर रंग निघाला असता. फर्डिनंडने खिडकीतून समोर बेटावरचा खराखुरा किल्ला बघितला, टायवाल्याला सोडा पाजला आणि बस स्टॉप दाखवला.

दुसरी आली ती सुमेधा. नालासोपाऱ्याच्या आचोळ्यात राहणारी, मुंबईतल्या मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून दुकानं, दवाखाने, छोटे कारखाने यांचे कॉम्प्युटर राखणारी. स्कूटरवरून उतरली तेव्हा तिच्या हेल्मेटला बोंबलाचा वास लागलेला होता, आणि तिने त्याबद्दल तोंड वाकडं केलं नाही, म्हणून मार्गारेटला ती लगेच आवडली.

"काका, वायफायचा पासवर्ड काय आहे?"

"देवमाता एक दोन तीन."

सुमेधाने खिडकीबाहेर बघितलं. वाळूवर कलंडलेल्या बोटीच्या नाकाडावर दोन फुटी पिवळ्या अक्षरांत 'देवमाता' लिहिलेलं होतं, आणि उन्हात ते जरा जास्तच पिवळं दिसत होतं.

"आणि कॉम्प्युटरचा?"

"तोच."

"ईमेलचा?"

"पोरी, बोट एकच हाय मोठी."

"मग ते ऑगस्टीनकाका म्हणता, त्यांचा काय असेल?"

"सागरतारा एक दोन तीन," फर्डिनंड न अडखळता म्हणाला.

"तुम्हाला कसा माहीत?"

"त्याला काय झालं? सगल्यांचे तसेच हाय. नवी बोट पान्यात घातली की पासवर्ड बदलतो."

सुमेधाने थोडा वेळ पंख्याकडे बघितलं. जगात लोक गुपित शब्द कुठेकुठे लपवतात हे तिने पाहिलं होतं. पण तो रंगवून, हार घालून, फादरांकडून पवित्र पाणी शिंपडून घेऊन, बँड लावून समुद्रात सोडणारं गाव ती पहिल्यांदाच बघत होती.

मग ती कामाला लागली. त्या दुपारी खाडीवरून वारा असा मंद येत होता की पंखा आणि वारा यांतलं कोण कोणाला ढकलतंय ते कळत नव्हतं. फर्डिनंड खुर्चीत बसून तिचं बोलणं ऐकत होता आणि मधूनच त्याच्यावर तरंगत दूर जात होता. वायफाय दोन करायचे, ऑफिसचा वेगळा आणि गल्लीतल्या पाहुण्यांचा वेगळा. पासवर्ड लांब, आणि बोटीचा नाही, काका, बायकोचाही नाही. ईमेल उघडताना फोनवर नंबर येईल, तो कोणालाही सांगायचा नाही, बँकेतून बोलतोय म्हणाला तरी. सगळ्या माहितीची एक प्रत त्या छोट्या डिस्कवर, शनिवारी घ्यायची आणि वायर काढून घरी कपाटात ठेवायची.

"वायर कशाला काढायची?"

"कॉम्प्युटरला काही झालं, तर जोडलेली प्रतही त्याच्याबरोबर जाते ना. बुडत्या बोटीला दुसरी बांधून ठेवाल का?"

"नाय," फर्डिनंड म्हणाला. हे त्याला एकदम पटलं, आणि एवढ्या शहाणपणाला एका डिस्कची किंमत पडावी याचं त्याला नवल वाटलं.

"आणि शेवटचं. ज्याला जेवढं लागतं तेवढंच दाखवायचं. बर्फवाल्या पोरांना बोटीच्या फेऱ्या दिसायची गरज नाही. जीपीएसलाही पिन टाका."

संध्याकाळी तिने मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी चाळल्या आणि खुर्ची वळवली.

"काका, गुड न्यूज. दारं सगळी सताड उघडी होती, पण आत कोणी आलेलं नाही."

फर्डिनंडचा चेहरा पडला. "नीट बघ, बाय. एखादा तरी आला असंल. रशियाचा, चीनचा... कोनीपन चालंल."

"लोक मला हॅकर आला नाही हे ऐकायला फी देतात, काका."

"मी जास्त देतो. एक दाखव."

"नाहीये तर काय दाखवू?" ती हसली, आणि मग त्याच्या डोळ्यांकडे बघून हसायची थांबली. जाताना मार्गारेटने तिला सुक्या जवळ्याची पुडी दिली. तीही तिने, माहितीच्या प्रतीसारखी, दोन पिशव्यांत घातली.

पुढच्या बुधवारी, सगळी दारं बंद आणि सगळे पासवर्ड कोणाला पाठ न होण्याइतके लांब असताना, 'देवमाता' खडकावर पोहोचली. धुक्यातून हात हलला. "नाखवा, चा?"

आता मोजायला एकच जण उरला.

फर्डिनंडने सहा दिवस काढले. मंगळवारी सकाळी तो बोटीवर गेला. रॉबर्ट फाळक्यावर, मासळीच्या खणाच्या झाकणावर, बसून जाळ्याची भोकं शिवत होता.

"मशीनला पिन टाकला हाय," फर्डिनंड रॉबर्टच्या खांद्यावरून समुद्राकडे बघत म्हणाला.

"हं."

"तुला देनार नाय. सुमेधाचा नियम हाय तो. ज्याला जेवढं लागतं तेवढंच."

रॉबर्टची सुई थांबली.

"उद्या बोट कोन नेनार?"

"मी. तू... तू घरी बस उद्या."

"हं," रॉबर्ट म्हणाला. हा 'हं' सत्तावीस वर्षांत फर्डिनंडने ऐकला नव्हता. याला तळ नव्हता. रॉबर्टने भोक पुरतं शिवलं, दोरा दाताने तोडला आणि पुढचं भोक हातात घेतलं.

दुपारी फर्डिनंड बर्फाच्या खोलीत झोपला आणि त्याला समुद्राच्या तळाशी जाग आली. तिथे त्याचा खडक होता, आणि खडकाला घरासारखं दार होतं. बोंबील सावकाश पोहत येत, प्रत्येकाच्या तोंडात एकेक चिठ्ठी, आणि दाराच्या फटीतून आत टाकून जात. वायफायचा हिरवा दिवा वर कुठेतरी दीपस्तंभासारखा उघडमीट करत होता. दाराबाहेर रॉबर्ट उभा होता, निथळत, तळाशी असूनही निथळत. त्याच्या हातात किल्ली नव्हती. दोराचं एक टोक होतं, आणि दुसरं टोक फर्डिनंडला स्वतःच्या मुठीत सापडत नव्हतं. तो मूठ उघडून बघे, तर तिच्यात तांदळाचा एक दाणा.

जागा झाला तेव्हा उजवा कान पार बधिर झाला होता. रॉबर्टला कायमचं जायला सांगायचं तर ते आजच, असं त्याला वाटलं. आणि असलं काही करण्याआधी माणसाने देवाला विचारावं, म्हणून तो चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, निघाला.

इथे एक रिवाज सांगायला हवा. अर्नाळ्यातले बोटमालक चर्चला जातात, पण प्रवचन संपेपर्यंत बाहेर झाडाखाली उभे राहतात, बापजाद्यांपासून. बायका आत, पुरुष सावलीत. त्यामुळे मिस्साच्या सुरुवातीला काय होतं ते फर्डिनंडने त्याच्या लग्नानंतर ऐकलेलं नव्हतं. आज तो वेळेआधी आला, आणि झाडाखाली कोणीच नव्हतं.

बोटमालक सगळे आत होते. तेही मंगळवारी. ऑगस्टीन तर पहिल्या बाकावर, हात जोडून, बोटांत पेन. नाताळखेरीज देवाला तोंड न दाखवणारे दोघे त्याच्या शेजारी, गुडघ्यावर कागद. खिडकीच्या रंगीत काचांतून उतरतं ऊन सगळ्यांच्या टकलांवर निळं-तांबडं सांडलं होतं आणि फादर आल्तारावरून, वेदीपाशी उभे राहून, त्या गर्दीकडे बघत असे हसत होते, की बघणाऱ्यालाही भरून यावं. गावात श्रद्धा वाढते आहे, असं त्यांनी गेल्या महिन्याच्या पत्रकात लिहिलंही होतं, आणि श्रेय विनयाने प्रवचनांना दिलं होतं.

माईकवर स्टेफी उभी राहिली. मिस्साचे हेतू, म्हणजे कोणी कशासाठी प्रार्थना मागितली आहे ते, वाचायचं काम तिचं. आवाज स्वच्छ, उच्चार त्याहून.

"दिवंगत फ्रेडरिक यांच्या आत्म्याला चिरशांती मिळावी म्हणून. प्रिन्सीला नर्सिंगच्या परीक्षेत यश मिळावं म्हणून. आणि मार्गारेट फर्डिनंड यांच्याकडून: उद्या बुधवारी पहाटे चार वाजता, एकोणीस अंश सव्वीस मिनिटं उत्तर, बहात्तर अंश एकवीस मिनिटं पूर्व, येथे जाणाऱ्या देवमाता बोटीला भरपूर घोळ मिळावी म्हणून, आपण परमेश्वराजवळ प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळे म्हणाले. बोटमालक सगळ्यांत मोठ्याने. एकाने शेजाऱ्याला कुजबुजत विचारलं, "सव्वीस का सत्तावीस?"

फर्डिनंड बाकाला धरून उभा राहिला. त्याला वाटलं, चर्च हळूच नांगर सुटल्यासारखं सरकतंय.

मिस्सा संपल्यावर अंगणात त्याने मार्गारेटला गाठलं.

"अगो, काय केलंस हे?"

"काय केलं? देवालाच सांगितलं. शेजारनीला नाय सांगितलं."

"पन आकडे? आकडे कशाला दिले?"

"गेल्या सालात कुवेतला जोएलला पार्सल धाडलं," मार्गारेट शांतपणे म्हणाली. जोएल तिचा भाऊ. "फ्लॅट नंबर लिवला नव्हता. दोन महिन्यांनी परत आलं, बोंबलाचं काय झालं होतं ते तुमाला माहीत हाय. तुमीच ते पुरलं. तवाच ठरवलं, काय धाडायचं तर पूर्ण पत्त्यानं. देवाला केवढा समुद्र हाय अवो, किती बोटी. 'फर्डिनंडची बोट' म्हटलं तर त्यानं शोधायचं कुठं?"

"आनि आकडे तुला..."

"तुमीच माज्याकडून वहीत लिवून घेतले. तुमचं अक्षर तुमालाच लागत नाय म्हनून."

फर्डिनंड चर्चच्या पायरीवर खाली बसला.

"घोळ मिळाली का नाय पन?" तिने विचारलं.

"ऑगस्टीनला मिळाली!"

"मंग पत्ता बरोबर होता," मार्गारेट म्हणाली, आणि चपला शोधायला गेली.

त्याने तिथूनच सुमेधाला फोन लावला. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "काका, हे माझ्या लिस्टमध्ये नव्हतं. ते हेतू आधी कुठे लिहितात?"

"वहीत. चर्चच्या दारात स्टुलावर असते."

"उघडी?"

"उघडी. पेन मातर दोरीनं बांधलेला हाय."

"का?"

"चोरी होते ना."

मग सुमेधा म्हणाली, "काकूंना एवढंच सांगा, देवाला पत्ता मनातल्या मनात द्यायचा. त्याला खर्च काही नाही." आणि तिने या सल्ल्याची फी लावली नाही.

फर्डिनंड किनाऱ्यावर आला तेव्हा ऊन किल्ल्यामागे गेलं होतं आणि भरती चढत होती. समुद्र आणि आकाश एकाच पातळ राखाडी रंगाचे झाले होते. त्यात बोटी कशावर तरंगतायत ते ठरवता येत नव्हतं. 'देवमाता' नुकतीच वाळू सोडून हलू लागली होती. रॉबर्ट घरी गेला नव्हता. त्याने सगळी जाळी शिवून घड्या घातल्या होत्या आणि आता तो नांगराचा दोर गुंडाळत होता.

फर्डिनंड गुडघाभर पाण्यातून चालत गेला आणि बोटीवर चढला. आपण काय बोलतोय ते त्याचं त्यालाच लांबून, पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"रॉबर्ट, मी गाढव हाय. सत्तावीस वर्सं तू माजा जीव राखलास आनि मी चार आकडे राखायला तुजावर कुलूप घातलं. खडक गेला. उद्या तिथं अख्खं गाव असंल, जाऊ दे. बाप होता तवा खडक नवीन होता, आपन दुसरा शोधू. पन तू गेलास तर मना दुसरा कोन? पिन पायजे तर आत्ता सांगतो. घर, बोट, मशीन, ज्याला कुलूप हाय त्या सगल्याची चावी तुजी. आजपासून माज्याकडं तुज्यापासून लपवलेलं काय सुद्दा असनार नाय. या समुद्राला साक्षी ठेवून सांगतो..."

समुद्र साक्षीला अगदी तयार होता. लाट थांबली होती, वारा पडला होता, बेटावरच्या किल्ल्यात एकच दिवा लागला होता, आणि फर्डिनंडचा आवाज शेवटी फुटलाच. त्याने हात पुढे केला.

रॉबर्टने त्या हाताकडे बघितलं. मग खाली बघितलं.

"हं," तो म्हणाला. "नाखवा, जरा डावा पाय उचल. दोरावर उभा हायस."